शेवळं, सुरण आणि टेरेसवरची बादली

एफ.ई.चा शेवटचा पेपर संपला त्या संध्याकाळी मी बोरिवली स्टेशनबाहेर पन्नास रुपयांत घशाचं वाटोळं विकत घेतलं. त्याची ही गोष्ट, आणि त्यानिमित्ताने जो थोडाफार अभ्यास झाला तो. विषय वनस्पतिशास्त्राचा आहे म्हणून लगेच पान उलटू नका. यात बॅटरी आहे, शॉर्ट सर्किट आहे, आणि एक रेल्वेचा पूलसुद्धा आहे.

आत्याकडे जेवून मी अंधेरीला परत येत होतो. पावसाच्या पहिल्या दोन सरी होऊन गेल्या होत्या. स्टेशनबाहेर फडकं अंथरून दोन बायका बसल्या होत्या. पुढ्यात नेहमीची पालेभाजी नाही, तर वीत-दीड वीत लांबीच्या, टोकाकडे निमुळत्या, तपकिरी-जांभळट कळ्यांच्या जुड्या. मी सांगलीकडचा, आमच्या बाजारात असलं काही येत नाही. पण माझा रूममेट पनवेलचा, आणि तो गेला महिनाभर "आता घरी शेवळं आली असतील रे" म्हणून उसासे टाकत होता. मी विचारलं, "मावशी, ही शेवळं का?" म्हणाली, "हो दादा. आन् हे काकड पन ने संगती." काकड म्हणजे बाजूला ठेवलेला हिरव्या, लहान आवळ्याएवढ्या फळांचा ढीग. मला वाटलं, भाजीबरोबर फळंही गळ्यात मारतेय. मी ती घेतली नाहीत. शहाणपणा!

हॉस्टेलवर आलो तर रूममेट चारच्या गाडीने घरी गेलेला. मग मीच शिजवायला घेतली. शिजवली कशावर, तर ज्या शेगडीवर शिजवली ती आमच्या खोलीत नव्हती, असं मी रेक्टरसरांना तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगतो. तेल, मोहरी, कांदा, तिखट आणि अख्खी जुडी बारीक चिरून. पहिले दोन घास चांगले लागले. तिसऱ्या घासाला जिभेला टोचायला लागलं, आणि पाचव्या मिनिटाला असं वाटलं की कुणी तरी ग्लास-वूलचा चुरा घशात ओतलाय. पाणी प्यायलं की आणखी खाज. बोलता येईना. रात्री साडेदहाला मेसच्या मावशींच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांना खुणांनीच सांगावं लागलं.

मावशींचं माहेर वसईकडचं. त्यांनी आधी गूळ दिला, मग आंबट ताक दिलं आणि मग शिव्या दिल्या. "काकड नाय घातलंस? आणि पिवळं काढलंस का?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "कोणतं पिवळं?" त्यांनी कपाळावर हात मारला.

चार दिवसांनी मावशींनी स्वतः शेवळं आणली आणि मला समोर बसवून ती साफ करून दाखवली. फर्स्ट इयरला आम्हाला ड्रॉइंगमध्ये सेक्शनल व्ह्यू शिकवतात. त्या दिवशी मावशींनी विळीवर जो सेक्शनल व्ह्यू दाखवला तो मी अजून विसरलेलो नाही. बाहेरची पातळ, सुकी सालं काढून टाकली. आत एक गुंडाळलेलं पान दिसलं. ते उलगडलं तर मधे एक दांडा, आणि दांड्याच्या तळाशी दाणेदार, पिवळसर पट्टा. तेवढा पट्टा मावशींनी सुरीने कापून बाजूला केला आणि म्हणाल्या, "हे खाजरं. हे टाकायचं. बाकीचं चिरायचं." पुढे काकडं ठेचून, पाण्यात कुस्करून त्याचं आंबट पाणी गाळून घेतलं आणि भाजी त्यात शिजवली. त्यात वालाची डाळिंबी पडली. कुणी सोडे घालतात, कुणी कोलंबी, आणि रूममेटच्या घरी खिमा. मी भीत भीत खाल्ली. घशाला काहीही झालं नाही. आणि चव काय सांगू!

आता मावशींनी जे केलं ते वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात कसं लिहिलेलं असतं ते पाहा. शेवळ म्हणजे भाजी नव्हे, कोंबही नव्हे. तो एक न उमललेला फुलोरा आहे. अळू, सुरण, हॉस्टेलच्या ऑफिसात बाटलीत लावलेला मनी प्लँट हे सगळे एकाच कुळातले, आणि या कुळात फुलोऱ्याचा नकाशा ठरलेला. बाहेर टोपीसारखं किंवा नावेच्या शिडासारखं एक मोठं पान, त्याला मराठी परिभाषेत महाछद म्हणतात. आत दांडा, तो स्थूलकणिश. या दांड्यावर तळाशी मादी फुलं आणि त्यांच्या वर नर फुलं, अगदी बारीक, पाकळ्या नसलेली, दाटीने चिकटलेली. त्यांच्या वर उरलेला लांब भाग म्हणजे नुसतं टोक, त्यावर फूल नाही. मावशींचं 'पिवळं' म्हणजे ही खरीखुरी फुलं. म्हणजे शेवळाची भाजी करताना आपण फुलं टाकून देतो आणि फुलांचं पॅकिंग खातो.

खाजतं का, तेही सांगतो. या कुळातल्या झाडांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. ते सुईसारखे, दोन्ही टोकांना अणकुचीदार, आणि जुडग्याने बांधलेले असतात. चावलं की जुडगं सुटतं आणि सुया जिभेत, घशात रुततात. बरं, नुसत्या सुया असत्या तर एवढी आग झाली नसती. त्यांच्याबरोबर त्रासदायक प्रथिनंही असतात, आणि सुईने पाडलेल्या भोकातून ती आत शिरतात असं मानलं जातं. इंजेक्शनच म्हणा ना. कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात विरघळत नाही, आणि चिंच-काकडासारख्या सौम्य आंबटातही फारसं विरघळत नाही. त्यामुळे 'आंबटाने सुया विरघळतात' हे जे सगळे सांगतात ते मला केमिस्ट्रीच्या हिशेबात बसत नाही. आंबट आणि उष्णता मिळून त्या प्रथिनांचं काम तमाम करत असावीत, हे जास्त पटतं. मावशींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू विरघळव नाय तर नको विरघळवू, काकड घाल म्हणजे झालं."

काकड हे पावसाळ्याच्या तोंडाला फळणारं एक जंगली झाड. शेवळं जेव्हा जमिनीतून वर येतात नेमकी तेव्हाच काकडाची फळं तयार असतात, म्हणून दोन्ही एकाच फडक्यावर विकायला येतात. त्या बाईने माझ्या गळ्यात काही मारलं नव्हतं, मला औषध देऊ केलं होतं.

बटाटा नव्हे, कांदाही नव्हे

त्या पट्ट्याच्या खाली, जमिनीत काय असतं हा प्रश्न मला पुढच्या महिन्यात पडला. कारण साधं होतं. जुलैमध्ये मेसला सुरण आलं आणि मावशी त्याच्या माथ्याचा, मधे खळगा असलेला तुकडा फेकत होत्या. खळग्यात गुलाबी कोंब डोकावत होता. मी तो मागून घेतला. किराणा-काट्यावर वजन केलं, २४० ग्रॅम. टेरेसवर रंगाची रिकामी बादली होती, तिच्या बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि तुकडा पुरला.

सुरण आणि शेवळ ही एकाच घराण्यातली. वनस्पतिशास्त्रात त्या घराण्याचं, म्हणजे प्रजातीचं नाव अमॉर्फोफॅलस. ग्रीकमधून आलेलं आहे. पूर्वार्धाचा अर्थ 'बेढब'. उत्तरार्धाचा अर्थ या मासिकात छापता येणार नाही, ज्यांना ग्रीक येतं त्यांनी गालातल्या गालात हसावं. डेव्हिड अॅटनबरोंनाही ही अडचण आली होती. १९९५ साली त्यांच्या वनस्पतींवरच्या टीव्ही मालिकेत या घराण्यातलं सर्वांत मोठं फूल दाखवायचं होतं, पण ते नाव पुन्हा पुन्हा उच्चारायला नको म्हणून त्यांनी 'टायटन अॅरम' असं नाव वापरलं आणि तेच जगभर रूढ झालं. या प्रजातीत दोनशेहून जास्त जाती आहेत, आफ्रिकेपासून आशिया आणि ऑस्ट्रेलियापर्यंत. आपलं सुरण म्हणजे अमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस, शेवळ म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. शेवळ मुख्यतः पश्चिम घाट आणि कोकणपट्टीतलं. आणि कोकणाच्या नावाने ओळखली जाणारी अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस ही जात तर १९९४ साली पहिल्यांदा शास्त्रीय वर्णनासह प्रसिद्ध झाली. ते वर्णन करणाऱ्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले श्रीरंग यादव होते. म्हणजे आपल्यातल्या काही प्राध्यापकांच्या डिग्र्या या जातीच्या नावापेक्षा जुन्या आहेत.

जमिनीखाली फुगलेलं जे जे दिसतं त्याला आपण सरसकट 'कंद' म्हणतो. तिथेच गोंधळ होतो. मेसमध्ये जाऊन पाहा. कांदा चिरला की पापुद्रे सुटतात, कारण ती पानंच आहेत, मांसल झालेली. रताळं हे फुगलेलं मूळ. आलं हे जमिनीखाली आडवं वाढणारं खोड. बटाटा हेही खोडच, पण खोडाच्या जमिनीखालच्या फांदीचं टोक फुगून झालेलं, म्हणून त्याला सगळीकडे डोळे. सुरण चिरलं तर आत पापुद्रे नाहीत, एकसंध भरीव गाभा. बाहेरून पाहिलं तर गोल गोल कडी दिसतात, तिथे कधी तरी पानं चिकटलेली होती. आणि मुख्य कोंब एकच, माथ्यावर, बरोबर मधोमध. खोडाचा बुंधाच फुगून, दबून चपटा झालेला. याला घनकंद म्हणतात. ग्लॅडिओलसचा गड्डा असाच, केशराचा असाच, अळकुड्यांची आई म्हणजे अळूचा गड्डाही असाच. दादरच्या फुलबाजारात दांड्यावर दांडे रचलेले ग्लॅडिओलस पाहताना त्यांच्या मुळाशी सुरणाचा लांबचा आतेभाऊ आहे असं कुणाला वाटणार नाही. खरं तर नातं नाहीच, कुळं वेगळी. फक्त साठवणीची युक्ती सारखी.

पुस्तकात मुळांबद्दल एक गंमत वाचली होती, ती बादलीत स्वतः पाहिली. सुरणाची मुळं खालून फुटत नाहीत. ती माथ्याकडून, कोंबाच्या भोवतीने निघतात आणि आडवी पसरतात. पावसाळ्यात पाणी आणि खत जमिनीच्या वरच्या थरात असतं, म्हणून ही व्यवस्था. प्लंबिंग वर, गोदाम खाली.

ऑगस्टमध्ये बादलीतून छत्रीसारखं एक पान वर आलं. हो, एक. लोक त्याला झाड म्हणतात, कारण हिरवा दांडा खोडासारखा जाड असतो, वर तीन फांद्या फुटतात आणि त्यांना पुन्हा फांद्या. पण ते सगळं मिळून एकच पान, आणि 'खोड' म्हणजे त्या पानाचं देठ. त्या देठावर फिकट-गडद ठिपके. जुलैच्या शेवटी कान्हेरी लेण्यांकडे चालत जाताना रस्त्याच्या कडेला अशी कितीतरी ठिपकेवाली देठं दिसली. आमच्यातला एकजण साप समजून ओरडला. त्या ठिपक्यांमुळे लुसलुशीत देठ हे दगडफुलाने माखलेल्या टणक खोडासारखं दिसतं आणि जनावरं त्याला धक्का देत नाहीत, असा एक अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. (तिथलं काही उपटून आणू नका. राष्ट्रीय उद्यानातली काडीसुद्धा उचलायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. सुरण बाजारात मिळतं.)

नोव्हेंबरमध्ये पान पिवळं पडलं, आडवं झालं, सुकलं. बादलीत नुसती माती उरली. मी सबमिशनच्या धावपळीत होतो. डिसेंबरच्या एका सकाळी टेरेसवर गेलो तर बादली धुऊन उपडी ठेवलेली. कुणी तरी 'मेलेलं झाड' म्हणून माती खालच्या गुलाबाच्या वाफ्यात ओतली होती. मी धावत खाली गेलो. कचऱ्याच्या ढिगात माझा घनकंद मातीने माखून पडला होता, कुणी तरी त्याला दगड समजलं असणार. पुन्हा मेसच्या काट्यावर ठेवला. ८७० ग्रॅम.

आणि त्याच्या बुडाला काहीतरी चिकटलेलं होतं. सुकलेलं, पोकळ, चुरगळलेल्या चामड्यासारखं. तो माझा जुलैमधला २४० ग्रॅमचा तुकडा होता.

मला वाटलं होतं की जुना कंद मोठा होतो. तसं होत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला जुना कंद आपला सगळा साठा खर्च करून पान वर पाठवतो. पान उघडलं की ते स्वयंपाक करायला लागतं, आणि ती कमाई जुन्या कंदात परत जात नाही. जुन्याच्या डोक्यावर, देठाच्या बुडाशी एक नवा कंद तयार होतो. जुना आटत आटत साल होऊन राहतो. आपली बॅटरी आपण पुन्हा पुन्हा चार्ज करतो. हे झाड दरवर्षी जुनी बॅटरी पूर्ण उतरवून टाकून देतं आणि पॅनेलच्या कमाईतून नवी, मोठी बॅटरी बांधतं. चार महिने पॅनेल चालू, उरलेले आठ महिने सिस्टिम बंद. (२४० चे ८७० झाले यात पाण्याचा वाटा फार मोठा आहे, तेव्हा कृपया कुणी यावरून एफिशियन्सी काढू नये. एका मित्राने काढली होती, १०० टक्क्यांच्या वर आली.)

म्हणून पान वेळेआधी कापलं, तुडवलं गेलं, जनावराने खाल्लं, तर नुकसान फक्त पानाचं होत नाही. त्या वर्षीची नवी बॅटरी अर्धवट राहते आणि जुनी तर केव्हाच संपलेली असते. दुसरं पान पाठवायला शिल्लक फारशी नसते.

पुलावरचा इंजिनिअर

या झाडांबद्दल वाचताना लायब्ररीत ज्या एका नावाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबत होतो ते थिओडोर कुक. पश्चिम भारतातल्या कुठल्याही रानफुलाबद्दल वाचा, हे नाव येतंच. 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' हा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला, आणि मुंबई इलाख्यातल्या फुलझाडांची ओळख पटवायला आजही तो काढावा लागतो. मी समजत होतो की हे कुणी तरी मोठे बॉटनीचे प्राध्यापक असतील.

कुक इंजिनिअर होते! आयर्लंडमध्ये शिकून १८६० मध्ये ते बीबी अँड सीआय रेल्वेत, म्हणजे आजच्या आपल्या वेस्टर्न लाइनच्या मूळ कंपनीत लागले आणि वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाच्या कामावर होते. पुढे १८६५ मध्ये ते पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. तेच कॉलेज पुढे कॉलेज ऑफ सायन्स झालं, नंतर सीओईपी, आणि २०२२ पासून ते विद्यापीठ आहे. प्रिन्सिपॉलची खुर्ची, त्या काळातला इलाखाभरचा प्रवास, आणि त्यातून हा माणूस झाडं वाळवून, दाबून, मोजून, नोंदवून ठेवत होता. १८९३ मध्ये निवृत्त होऊन गेल्यावर त्याने ग्रंथ लिहायला घेतला. पूर्ण झाला तेव्हा वय बहात्तरच्या घरात.

आता विरारच्या पुढे जाताना खाडी लागली नाही तरी नायगाव-भाईंदरच्या मधल्या पुलावर गाडी खडखडायला लागली की मला कुक आठवतात. 'इंजिनिअरिंगला येऊन बॉटनी कशाला?' असं विचारणाऱ्या मित्रांना मी हल्ली उत्तर देत नाही, पूल दाखवतो.

शॉर्ट सर्किट

या घराण्याची खरी आतषबाजी फूल उमलतं तेव्हा होते. आपण शेवळ कळी असताना खातो, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. उमललेल्या सुरणाला सडक्या मांसाचा वास येतो. तो वास आपल्यासाठी नाही, मांसावर अंडी घालणाऱ्या माश्या आणि भुंगेऱ्यांसाठी आहे. ते फसून आत येतात. त्या वेळी मादी फुलं तयार असतात आणि नर फुलं अजून बंद. कीटक तिथेच घुटमळतो, नंतर नर फुलांतून पराग झडतात, आणि अंगावर पराग घेऊन तो पुढच्या फुलात फसायला जातो. एकाच फुलोऱ्यात दोन्ही असून स्वतःचे पराग स्वतःला लागू नयेत म्हणून केलेलं हे टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग.

वास लांब जायचा तर तो तापवायला हवा. म्हणून फुलोऱ्याचा दांडा स्वतः गरम होतो. अळूच्या कुळातली फुलं तापतात हे लामार्कने १७७८ मध्येच नोंदवलं होतं. कारण मात्र बऱ्याच नंतर कळलं. पेशीत साखर जाळून मिळणारी ऊर्जा एरवी इलेक्ट्रॉनच्या साखळीतून टप्प्याटप्प्याने उतरते आणि एटीपीच्या रूपात साठवली जाते. या दांड्यात मात्र मधेच एक बायपास उघडतो, इलेक्ट्रॉन जवळच्या रस्त्याने ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि साठवायची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. सरळ शॉर्ट सर्किट, पण मुद्दाम केलेलं. स्विच कोण दाबतं? याच कुळातल्या एका झाडात, सॉरोमॅटममध्ये, तो स्विच म्हणजे सॅलिसिलिक आम्ल आहे हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. अॅस्पिरिनची सख्खी बहीण! आपण ताप उतरवायला जे घेतो त्याच्याच बहिणीने फुलाला ताप चढतो.

या सगळ्या इंधनाचं बिल घनकंद भरतो. सर्वांत मोठं बिल सुमात्राच्या टायटन अॅरमचं. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियनाने ते १८७८ मध्ये तिथे पाहिलं, आणि लंडनच्या क्यू बागेत ते १८८९ मध्ये पहिल्यांदा फुललं. त्याचा फुलोरा माणसापेक्षा उंच होतो आणि दोन-तीन दिवसांत कोसळतो. एडिंबराच्या बागेत २०१० मध्ये त्याचा जो घनकंद तोलला तो १५३.९ किलो भरला. सहा पोती सिमेंट उचला आणि पाहा किती होतं ते. तीनच पोती पुरतील, एक पोतं ५० किलोचं असतं.

उलट टोकाला केशर आहे. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे त्याला बीच धरत नाही. काश्मीरच्या पांपोरला आज जे केशर फुलतं ते फक्त घनकंदावर, माणसाने पिढ्यान्पिढ्या हाताने लावलेल्या घनकंदांवर तगलेलं आहे. माणसाने लावणं थांबवलं तर संपलं.

हे वाचलं आणि मला शेवळांची काळजी वाटायला लागली. आपण जी जुडी विकत घेतो ती म्हणजे दहा-बारा झाडांची त्या वर्षीची अख्खी फुलं. त्यातलं एकही बी धरणार नाही. पुढच्या जूनमध्ये मी बोरिवलीला गेलो, या वेळी काकडासकट जुडी घेतली, आणि त्या मावशींना विचारलं की जमिनीतला कांदा पण काढता का. पालघरच्या पुढून पहाटेच्या गाडीने त्या येतात. त्यांनी माझ्याकडे मी वेडा असल्यासारखं पाहिलं. "कांदा कोन काढतं? कांदा काढला तं पुढल्या साली काय इकू?" मग थोड्या वेळाने जुड्या नीट लावत म्हणाल्या, "आम्ही अर्धी ठेवतो रानात. पन आता रानच मागं सरकलं. तिकडं जेसीबी लागला का कांदा-बिंदा समदाच उलटा होतो."

मी घरी येऊन हिशेब केला. कळी खुडली तर कंद उरतो, बहुधा त्यानंतर पान येतं, नवी बॅटरी बांधली जाते. नवी झाडं कमी होतात, पण असलेली जगतात. म्हणजे खुडणं हे झाडाला महाग पडतं, पण परवडतं. जेसीबी मात्र मातीचा वरचा फूट-दोन फूट थर काढतो, आणि घनकंद नेमका तिथेच असतो. त्यात काम मार्च-एप्रिलमध्ये होतं, कोरड्या दिवसांत. तेव्हा जमिनीवर एक पानही नसतं. सर्व्हेला जाणाऱ्या इंजिनिअरला, म्हणजे उद्याच्या आपल्याला, तिथे मोकळा प्लॉट दिसतो. माझ्या बादलीत कुणाला तरी नुसती माती दिसली होती तसाच. झाडं मोजायची असतील तर ती जुलै-ऑगस्टमध्ये मोजायला हवीत, हे सिव्हिलच्या मित्रांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी खूप.

बादलीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. ८७० ग्रॅमचा कंद मी पुन्हा लावला, या वेळी मोठ्या ड्रममध्ये. पुढच्या जानेवारीत तो १ किलो ९०० ग्रॅम भरला, बुडाला पुन्हा तीच रिकामी साल. तिसऱ्या पावसाळ्यात पान माझ्या छातीपर्यंत आलं. या जानेवारीत मी तो खणलेला नाही. सुरण पुरेसं मोठं झालं की पानाच्या आधी फूल येतं, आणि आलं तर ते मे-जूनमध्ये येईल. मी तेव्हा इथे नसेन, आठवं सेमिस्टर संपवून गेलेलो असेन. शिवाय एप्रिलमध्ये टेरेसचं वॉटरप्रूफिंग निघणार आहे असं ऐकतो.

तर ज्युनिअर मंडळी, पाण्याच्या टाकीच्या मागे निळा ड्रम आहे, त्यावर मी ऑइलपेंटने 'रिकामा नाही' असं लिहिलंय. वॉटरप्रूफिंगवाले आले तर ड्रम उचलून जिन्याखाली ठेवा, आडवा करू नका. पाऊस पडेपर्यंत पाणी घालू नका, कुजेल. आणि जूनमध्ये एखाद्या रात्री टेरेसवर उंदीर मेल्यासारखा वास आला तर पेस्ट कंट्रोलला बोलावण्याआधी मला एक फोन करा. मी पहिल्या गाडीने येतो.